टीवरची आडवी रेघ

मित्रांनो, मी एक जुना पेन आहे आणि उभ्या जन्मात मी फक्त एक रेघ ओढली आहे. हसू नका. त्या एका रेघेसाठी मला काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगलं होतं.

आमच्या डोंगराळ राज्यात रीतच तशी आहे. मोठ्या कायद्यावर गव्हर्नर, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले राज्याचे प्रमुख, एका पेनाने सही करत नाहीत. टेबलावर पेनांची रांग मांडतात. एकाने अक्षराची उभी रेघ, दुसऱ्याने त्याचं पोट, असं करत करत नाव पुरं होतं. मग ते पेन आठवण म्हणून वाटून टाकतात. तेवढीच चार माणसं जास्त खूश! गव्हर्नर हॉलिस ब्रँटली यांच्या आडनावातल्या 'टी'वरची आडवी रेघ माझ्या वाट्याला आली.

कायदा वर्न स्टिडमच्या नावाचा होता. वर्न कोळशाच्या खाणीत दरडीखाली सापडला. बाहेर काढला तेव्हा तो बोलत होता. डोंगरापलीकडून रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचं बोलणं थांबलं होतं. पुढे प्रचाराच्या दिवसांत ब्रँटली त्याच्या बायकोच्या, ओपलच्या, स्वयंपाकघरात येऊन बसले. तिच्या हातचा मक्याचा पाव आणि घेवड्याचं कालवण पोटभर जेवले आणि म्हणाले, "मला निवडून द्या, प्रत्येक खाणीच्या तोंडाशी रुग्णवाहिका उभी करून दाखवतो."

निवडून आले आणि त्यांनी शब्द पाळला. सही झाली, टाळ्या झाल्या. मला ओपलच्या हातात देताना दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं, मी अगदी जवळून पाहिलंय. त्यानंतर मी स्वयंपाकघरात वर्नच्या फोटोशेजारी भिंतीवर गेलो. शेजारीपाजारी मला बघायला येत, ओपल रोज काच पुसायची. मीही तिथे बसून चांगलाच फुगलो होतो.

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर त्याच ब्रँटलींनी आणखी एक सही केली. लहान खाणींना रुग्णवाहिकेच्या नियमातून सूट. त्या सहीला पाहुणे नव्हते, फोटो नव्हते, पेनांची रांगही नव्हती. एकाच पेनात नाव पुरं झालं. आमच्याकडच्या तर सगळ्याच खाणी लहान. रुग्णवाहिका गेल्या आणि त्याच हिवाळ्यात शेजारचा डेन्व्हर खाणीत दरडीखाली सापडला. गाडी पुन्हा डोंगरापलीकडूनच आली. उशिराच आली. ओपलने काच पुसणं सोडून दिलं. धुळीमुळे मला समोरचं अंधुक दिसू लागलं.

काही वर्षांनी ब्रँटली पुन्हा त्याच स्वयंपाकघरात आले. पद गेलं होतं, हातात काठी आली होती. पण आमच्याकडे पद गेलं तरी हाक मारताना ते सुटत नाही.

"या गव्हर्नर. कॉफी आहे, पण सकाळची आहे."

"चालेल. ओपल, तू अजून तश्शीच आहेस."

"तुम्ही नाही राहिलात. कामाचं बोला."

"माझं संग्रहालय उभं राहतंय. हा पेन तिथे हवा होता. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात चांगला दिवस तो."

"आणि दुसऱ्या सहीचा पेन? तोही शेजारी मांडणार ना?"

ब्रँटलींनी टोपी टेबलावर ठेवली. "प्रचारात माणसं भेटतात गं. खुर्चीत बसलं की माणसांनी पाठवलेली माणसं भेटतात. खाणमालकांची माणसं रोज दारात. खाणी बंद करू म्हणायचे, गावं उपाशी मरतील म्हणायचे. तू काही रोज येत नव्हतीस."

"मी रात्रपाळीला जात होते, गव्हर्नर! रोज तुमच्या दारात उभं राहावं लागू नये, म्हणून तर तुम्हाला निवडून दिलं होतं!"

"पहिली सही मी मनापासून केली होती, ओपल."

"ठाऊक आहे. तुम्ही लबाड असता ना, तर एवढा राग आला नसता." तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ते पलीकडचं घर लोरेटाचं. डेन्व्हरची बायको. तिला कुठला पेन दिलात?"

ब्रँटली उठले. कॉफी तशीच राहिली. मला न घेताच ते गेले.

ओपलने मला चौकटीतून काढलं आणि एका जुन्या पाकिटावर लिहून पाहिलं. नुसता ओरखडा उठला. शाई कधीच वाळली होती. तिने मला खिळे आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या खणात टाकलं. अजून मी तिथेच आहे. तिचा मला राग नाही, माझा मलाच येतो.

मित्रांनो, पेन जपायचा असेल तर काचेत ठेवू नका, त्याने लिहीत राहा. आणि मोठ्या सहीच्या वेळी टाळ्या खुशाल वाजवा. पण टाळ्या संपल्या म्हणून लगेच घरी जाऊ नका. दुसरी सही खोली रिकामी झाल्यावरच होते.