दोनच शब्दांची लाल पेन्सिल

मी एक लाल पेन्सिल बोलतेय. पेन्सिल कसली, आता थोटूकच! अंगठ्याएवढी उरलेय, पण तक्रार नाही हं. माझी झीज चांगल्या हातांत झाली.

बहिणींसोबत खोक्यात बसून मी एका कारखान्याच्या मोठ्या बाईंच्या टेबलावर आले. हाताखालच्यांनी लिहिलेली पत्रं बाई वाचायच्या आणि मला दोनच शब्दांसाठी उचलायच्या. काम फत्ते झालं असेल, तर ‘मी’ खोडून ‘आपण’. बिघडलं असेल, तर ‘त्यांनी’ खोडून ‘मी’. एकदा माल उशिरा पोचला. पत्रात कारकुनाचं नाव होतं. बाईंनी ते खोडून स्वतःचं घातलं. कारकून दारात नाक ओढत उभा होता. बाई मला तेव्हाच आवडल्या.

निवृत्त होताना त्यांनी मला घरी आणलं. तिथे एका दुपारी त्यांची भाची आली. कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाची प्रमुख, नाकावर राग!

‘‘आत्या, उद्याचं भाषण बघ ना. प्रदर्शनाला हॉल मिळाला नाही, म्हणून मंडळातल्या त्या चष्मिसला मी सगळ्यांसमोर झापलं, तर ती मंडळच सोडून निघाली. बाकीचेही तिच्या मागे. उद्या कुणी थांबलं नाही, तर प्रदर्शन रद्द!’’

आत्यांनी वाचलं. ‘‘‘काहींच्या हलगर्जीपणामुळे.’ हॉलचा अर्ज कुठे राहिला होता गं?’’

‘‘माझ्या बॅगेत. दोन दिवस. पण आठवण तिने करून द्यायची ना!’’

‘‘मग ‘काहींच्या’ म्हणजे कुणाच्या?’’

आत्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. ‘‘तूच खोड. मी खोडलं तर तुझी चूक माझ्या अक्षरात राहील.’’

‘‘सगळे हसतील गं.’’

‘‘हसू देत. पहिल्यांदा मलाही हसले होते. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे कामावर हजर!’’

तिने मला इतकं दाबलं की टोकच मोडलं. मला टोक काढून तिने पुन्हा लिहिलं, ‘माझ्या’.

सकाळी वर्गात सातजण होते. चष्मिस दाराशी, बॅग खांद्यावरच. मी भाचीच्या मुठीत घामाने ओली.

‘‘अर्ज माझ्या बॅगेत राहिला,’’ ती चष्मिसकडे बघत म्हणाली. ‘‘आणि खापर मी तुझ्यावर फोडलं. चुकलंच माझं.’’

कुणीच हसलं नाही. चष्मिसने पुढे येऊन कागद ओढला. ‘‘अक्षर काय भयंकर आहे तुझं! नवा अर्ज मी लिहिते.’’ तिने बॅग खाली ठेवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

प्रदर्शन झालं, आठवडाभर उशिरा. कॉलेज सोडताना भाचीने आत्यांच्या दोन शब्दांची गोष्ट सांगून मला चष्मिसच्या हाती सोपवलं. आता प्रमुख तीच आहे. काल अहवालात तिने ऐटीत लिहिलं, ‘मी मोठा मेळावा भरवला.’ मग थबकली, स्वतःशीच हसली आणि मला कंपासातून काढलं.

बाईंचे उपकार मी विसरणार नाही. लाल रंग त्यांनी कुणाला घाबरवायला वापरला नाही. पण पोरींनो, काय चुका करायच्या त्या लवकर करा गं. मी आता थोडीच उरलेय.