सोबतीचं बोट

आमच्या गल्लीत मला सगळे फॉर्मबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही. कपडे अल्टर करायचं माझं छोटं दुकान आहे. शिवणयंत्राच्या एका बाजूला लोकांच्या पँटी, दुसऱ्या बाजूला मतदार नोंदणीचे फॉर्म. कुणी चेन बदलायला आलं की मी आधी विचारायचे, "यादीत नाव आहे का?" नाही म्हटलं की फॉर्म आधी, चेन नंतर.

हा उत्साह समाजसेवेचा नव्हता, स्पष्टच सांगते. कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात वरच्या मजल्यावर डायलिसिसची खोली आहे. माझा थोरला भाऊ आठवड्यातून तीनदा तिथे रक्त धुऊन घेतो. साखरेनं आधी त्याचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. आमचे सध्याचे लोकप्रतिनिधी, शिडी चिन्हवाले, ती खोली बंद करून यंत्रं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेणार होते. दोन बस बदलून जायचं. सुई काढल्यावर दादाला दवाखान्याचा जिना उतरताना माझ्या खांद्यावर लोंबकळावं लागतं, तो दोन बस काय बदलणार! टोपली चिन्हवाली बाई म्हणत होती, खोली इथेच राहील. म्हणून मी गल्ली पिंजून काढली.

लोक म्हणजे एकेक नमुने. गवंड्याच्या बायकोनं नवऱ्यासमोर जन्मसाल सांगितलंच नाही. तो बाहेर गेल्यावर माझ्या कानात सांगितलं, तर ती त्याच्याहून मोठी निघाली. बेकरीवाला म्हणाला, "आमच्या मतानं काय दिवे लागणार आहेत?" त्याला म्हटलं, "दिवे राहू दे, हा मैदा खाऊन तुला दवाखाना लागेल तेव्हा कुठे जाशील?" केली मुकाट्यानं सही.

समोरच्या इमारतीतल्या बँकवाल्यानं मात्र माझं डोकं फिरवलं. त्याच्या आईला दिसत नाही. तो म्हणाला, "तिला काय कळतंय? मी सोबत जाईन आणि मला हवं ते बटण दाबीन." मी अशी कडाडले की दोन दारं उघडली. "आईचं मत आईचं! सोबत जाणाऱ्यानं बोट द्यायचं असतं, डोकं नाही!" वाक्य मला इतकं आवडलं की पुढे ते मी दारोदार ऐकवलं. दादा पलंगावर पडून म्हणायचा, "फॉर्मबाई, भाषण झकास आहे हं."

दादा पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचा. हाताला कधी स्वस्थता नाही. आता तोच हात खाटेच्या काठावर नुसता फिरत असतो. मधूनच म्हणायचा, "कंटाळलो गं मी." मी म्हणायचे, "अभद्र बोलू नकोस," आणि हातातलं पातेलं ओट्यावर आपटायचे. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे आवाज फार मोठा व्हायचा. तो भिंतीकडे कूस वळवायचा.

मतदानाच्या दिवशी आम्ही सकाळीच शाळेत गेलो. आधी मी मत दिलं, माझ्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली. मग दादाचा नंबर. सोबती म्हणून मी सही केली, तेव्हा उजव्या हाताच्या बोटालाही शाई लावली. टेबलामागचे साहेब म्हणाले, "ते सांगतील तेच बटण दाबायचं."

"मला सांगताय होय?" मी म्हणाले.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी दादाच्या कानात एकेक चिन्ह वाचलं. खरं तर वाचायचीही गरज वाटत नव्हती. माझं बोट टोपलीवर जाऊन थांबलं होतं.

"शिडी," दादा म्हणाला.

"थट्टा नको. मागे लोक उभे आहेत."

"थट्टा नाही करत. शिडी दाब."

"अरे, खोली बंद होईल!"

"होऊ दे."

"बाकीचे कुठे जातील? तुझ्या शेजारच्या खुर्चीतली ती कॉलेजातली पोर?"

"माझ्या एका मतानं कुणाची खोली बंद पडत नाही गं. ती देईल की तिचं मत." त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता. "मला फक्त एकदा सांगायचं होतं, की मला पुरे झालं. घरी सांगायला गेलो की तू पातेलं आपटतेस. इथे तुझ्या हाताशी काही नाही."

"झालं का?" साहेबांनी विचारलं.

दादाला दिसत नव्हतं. आवाज सगळ्या बटणांचा सारखाच. टोपली दाबली असती तर जगात कुणाला पत्ता लागला नसता, आणि दादा तर माझ्यावर कधी संशय घेतच नाही. मला तो बँकवाला आठवला. आणि माझंच वाक्य. मी शिडी दाबली.

फाटकाशी डायलिसिसची सिस्टर उभी होती. माझे दोन्ही हात बघून हसली. "दोन्ही हातांना शाई! चला, आपली दोन मतं पक्की!"

मी नुसती मान हलवली. पुढे गेल्यावर दादानं विचारलं, "दोन्ही हातांना शाई?"

"हो. एक माझी, एक तुझी."

"म्हणजे फिट्टंफाट," तो म्हणाला. कित्येक दिवसांत त्याचा आवाज इतका मोकळा झाला नव्हता.

निकाल काय लागायचा तो लागो. ज्याच्यासाठी एवढी दारं वाजवली तो माझ्या हाताला धरून शांतपणे चालला होता, आणि त्याला काहीच नको होतं.

घरी आल्यावर त्याला पलंगावर बसवलं. दुसऱ्या दिवशी डायलिसिसचा वार. त्यासाठी त्याचा ठरलेला शर्ट आहे. डावी बाही मी खांद्यापर्यंत उसवून तिला बटणं लावली आहेत, म्हणजे सुईसाठी हात मोकळा राहतो. त्या बाहीइतकं नीट काम मी गिऱ्हाइकाचंही केलेलं नाही. मी इस्त्री तापवली. गरम कापडाचा वास त्याला लगेच कळतो.

"नको करूस," तो म्हणाला. "मी उद्या यायचा नाही."

पातेलं ओट्यावर, हाताच्या अंतरावर होतं. मी त्याला हात लावला नाही.

"ऐकलं," मी म्हणाले, आणि इस्त्री बंद केली. डावी बाही तेवढी राहिली होती.