माझ्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवण्याच्या धंद्यात मी पडले तेव्हा लोक म्हणाले, बाई शिकवणार म्हणजे कल्याणच! त्यांच्या नाकावर टिच्चून मी निम्म्या शहराला गाडी शिकवली. बायकांना कमी लेखणाऱ्याची मी अजूनही अशी खरडपट्टी काढते, की तो पुन्हा माझ्या गाडीत बसत नाही. त्यात धंद्याचं नुकसान होतं, पण असो.

शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर दाबायचा.

लेकीची लायसन्सची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती आणि प्रत्येक वळणावर तिची गाडी आचका देऊन बंद पडत होती. पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा बंद पडली, तेव्हा तिने चावी काढून माझ्या मांडीवर टाकली.

"मला नाही जमत. उद्या मी जाणार नाही."

"क्लच नीट दाब. दादाला जमलं, तुला न जमायला काय झालं?"

तिचा दादा, म्हणजे माझा थोरला, मागे शेंगदाणे खात बसला होता. "आई, ब्रेक तू दाबलास," तो म्हणाला.

"मी कशाला दाबू?"

"मघापासून प्रत्येक वळणावर दाबतेयस. मी शिकताना भिंतीला आरसा घासला, तेव्हा तू खिडकीतून भाजीचा भाव विचारत होतीस."

मी खाली पाहिलं. पाय ब्रेकवरच होता. समोर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला त्या पायाचा भयंकर राग आला, पण पाय माझाच, सांगणार कोणाला?

"मला वाटलं, मीच ढ आहे," लेक म्हणाली.

मला 'गाडी फार बंद पडते हो' म्हणत शिकणं अर्धवट सोडून गेलेल्या बायका आठवल्या. त्यांना चिकाटी नाही, असं मी घरी येऊन सांगायचे.

मी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसले. "चल."

वळणावर माझा पाय मांडीखाली वळवळला. गाडी मात्र सफाईने वळली. पुढे एक आजोबा अचानक रस्त्यात उतरले आणि मी डोळे मिटले. गाडी अलगद थांबली. बंदही पडली नाही.

लेकीने आधी माझे पाय पाहिले. दोन्ही वर होते.

"म्हणजे मी थांबवली?"

"तूच."

आजोबांनी वाकून आत पाहिलं. स्टिअरिंगवर मुलगी दिसली, तसे ते माझ्या खिडकीशी आले. "बरं झालं ताई, तुम्ही शेजारी होतात. वेळेवर थांबवलीत."

एरवी मी त्यांची खरडपट्टी काढली असती. आज नुसती सीटवर घातलेली मांडी दाखवली.