आधी नव्यातून जाऊन यायचं

सुनेने एक बटण दाबलं, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पलंगावर प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून पडलेल्या सासूबाईंनी मान वळवली. पाय मोडल्यापासून त्यांचा मुक्काम लेकाच्या या खोलीत होता, आणि खोलीत पाहण्यासारखं दोनच: समोरच्या इमारतीची भिंत आणि कॉम्प्युटरपुढे बसलेल्या सुनेची पाठ. भिंत निदान उसासे टाकत नसे.

"काय सांडलं?" त्यांनी विचारलं.

सुनेने न वळताच सांगितलं. तिच्या कंपनीचं एक मशीन, सर्व्हर म्हणतात त्याला, दूरच्या शहरात कुलूपबंद खोलीत होतं. इथे काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून ती त्यात शिरायची. आज शिरायची रीतच बदलायची होती. ती बदलली, आणि नव्या रीतीने जाऊन बघते तर मशीन कुणालाच ओळख देईना.

"मग बंद कर आणि पुन्हा लाव. आमचा रेडिओ तसाच ताळ्यावर यायचा."

"ही एक विंडो आधीची उघडी आहे, आई. तेवढीच अजून आत आहे. ती मिटली की मीही बाहेर. मग माझी नोकरी पण बाहेर."

सकाळपासून सासूबाईंचा उजवा हात उशीखालून निघाला नव्हता. तिथे त्यांच्या घराची किल्ली होती. दोन खोल्या आणि शिलाईचं मशीन. गावभरच्या बायकांची मापं घेऊन उभं केलेलं घर. लेकाने त्याला गिऱ्हाईक शोधलं होतं. आई आता एकटी राहणार नाही, हे त्याने ठरवलं होतं, विचारलं नव्हतं. बरं, भांडायला उभं राहावं तर पाय नाही, आणि पडून भांडलं की माणूस नुसतं हट्टी दिसतं.

"पाणी देऊ का?" सुनेने विचारलं.

"नको. तू हलू नकोस." खरं तर सासूबाईंच्या घशाला कोरड पडली होती.

सून त्या जुन्या विंडोतच शोधत राहिली. अखेर चूक सापडली. एक ओळ गाळली गेली होती. तिने ती घातली, नवी विंडो उघडली, आत गेली. बाहेर आली, परत आत गेली. मगच जुनी मिटली.

"दोन दोन खेपा कशाला?"

"नव्यातून जाऊन-येऊन बघायचं असतं, आई. तोवर जुनं मिटायचं नाही."

तेवढ्यात लेक आला. गिऱ्हाईक खाली गाडीत थांबलंय म्हणाला, आणि हात पुढे केला.

"आई, किल्ली."

सासूबाई भिंतीकडे पाहत राहिल्या. उशी किंचित हलली. लेकाने बायकोकडे पाहिलं. रोज पलंगावरची चादर तीच बदलायची, उशीखाली काय आहे ते तिला ठाऊक असणारच.

सून उठली. तिने पेल्यात पाणी ओतलं आणि सासूबाईंच्या डाव्या हातात दिलं.

"प्लास्टर निघू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "आईंना इथलं जमतंय का, ते अजून कुठे बघितलंय आपण?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. सासूबाईंनी पेला एका दमात रिकामा केला आणि पुढे धरला.

"अजून," त्या म्हणाल्या.