बुधवारची बैठक

तिरुनेलवेलीच्या पुढे, केळीच्या बागांमधल्या त्या कॉलेजात पोराच्या मनगटावरचा दोरा पाहिला की त्याची जात कळायची. दोऱ्याच्या रंगावर बाकं ठरत, पाण्याचे नळसुद्धा ठरत. इतिहास शिकवणाऱ्या इसक्कीअम्मालनं हे नऊ वर्षं पाहिलं, आणि मग दर बुधवारी दुपारी बैठक सुरू केली. भाषण कुणी करायचं नाही. आपण जे सोसलं, जे केलं, तेवढंच सांगायचं.

पहिले दोन बुधवार पोरं सिनेमावरच बोलली. तिसऱ्या बुधवारी गावाबाहेरच्या वस्तीतला मारिमुत्तू उठला.

"देवीच्या जत्रेत माझा बाप देवळासमोरनं सायकलवर बसून गेला. उतरला नाही, म्हणून त्याला सगळ्या गावासमोर पालथं पाडून माफी मागायला लावली. तोंडात माती गेली त्याच्या." त्यानं समोरच्या वेलायुधमकडे बोट केलं. "ह्याच्या काकानं."

वेलायुधम मोठ्या घरातला, मनगटावर पिवळा-तांबडा दोरा. आता हाणामारी होणार म्हणून दोघंतिघं उठून उभेही राहिले.

"मी होतो तिथं," वेलायुधम म्हणाला. "मोबाइलवर व्हिडिओ मीच काढला त्याचा."

"ठाऊक आहे. तुझं हसणं ऐकू येतं त्यात."

वेलायुधमनं दातानं दोरा तोडला. इसक्कीअम्मालचा ऊर भरून आला. जमलं, असं तिला वाटलं.

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर मारिमुत्तू आणि वेलायुधम फाटकाबाहेर बसची वाट बघत होती. दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. वेलायुधमचा चुलतभाऊ करुप्पसामी आणि आणखी तिघं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले कोयते.

"दोरा कुठाय रे तुझा?"

"तोडला."

"ह्याच्यासाठी?"

उत्तराची वाट न बघता करुप्पसामीनं मारिमुत्तूच्या मानेवर कोयता उगारला. वेलायुधमनं हात आडवा टाकला. हाड तुटल्याचा आवाज रस्त्यापलीकडे उभ्या इसक्कीअम्मालला ऐकू आला. ती धावली. दुसरा वार वेलायुधमच्या खांद्यात रुतला आणि कोयता तिथंच अडकला. करुप्पसामी तो ओढून काढत असताना तिनं हातातला जेवणाचा स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर हाणला. तो पडला, बाकीचे पळाले. पण तिचा हात थांबेना. डब्याचा काठ त्याच्या ओठांवर, दातांवर, डोळ्यावर पडत राहिला. दात बाहेर पडले, नाक चेपलं, रक्तानं तिची साडी चिकट झाली.

"टीचर, पुरे," मारिमुत्तूनं तिला मागनं कवेत धरलं. "मरेल तो."

वेलायुधम वाचला, हात कोपरापासून गेला. करुप्पसामीचा एक डोळा गेला.

सोमवारी प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. "पोरीवरनं भांडण झालं, असं लिहून द्या मॅडम. तुमचंही निभावेल. आणि ती बैठक बंद."

"भांडण कशावरनं झालं ते मला माहीत आहे, सर."

तिनं पोलिसांना सगळं लिहून दिलं, स्वतः किती वेळा मारलं तेही. संध्याकाळपर्यंत निलंबनाचा कागद आला.

बुधवारी ती फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली. कुणी येईल असं वाटत नव्हतं. मारिमुत्तू आला. मग सात जण आले, दोघांच्या मनगटावर दोरे तसेच होते. आज आधी तीच बोलली.

"तो पडला होता. त्याच्या हातात काही नव्हतं. तरी मी मारत राहिले."

दोरा बांधलेल्यांपैकी एकानं मान वर केली. "राग आला म्हणून?"

"आधी राग होता," ती म्हणाली. "नंतर बरं वाटत होतं."

मारिमुत्तूनं चहाचा पेला खाली ठेवला. "मलाही वाटत होतं, टीचर. म्हणून मी तुम्हाला उशिरा धरलं."

पोरं सरकून जवळ बसली. मग तो दोरेवाला हळूहळू बोलायला लागला, आणि शेवटची बस निघून गेली तरी कुणी उठलं नाही.