बाकावर शहाणा

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि एका बापलेकीच्या अबोल्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं आहे. आता मला बोलू द्या.

माझं सगळं उघडं. आतला प्रोग्राम कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा, असं मानणाऱ्या हौशी लोकांनी मला घडवलं. कडेला एक छोटी सरकती कळ बसवली. खाली सरकली की वायफाय बंद, वर सरकली की सुरू. या उघडेपणावर भाळूनच काटेवाल्यांनी मला घेतलं. काटेवाले म्हणजे दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारे माझे मालक. दुकानदारांना ते ठणकावून सांगत, काटा वापरता तिथेच आणि वापरता तसाच तपासा, माझ्या दुरुस्तीच्या बाकावर सगळेच काटे शहाणे असतात. तेव्हा माझं कोण कौतुक होतं!

मग त्यांच्या थोरल्या लेकीचं पार्सल आलं. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून काटेवाल्यांनी दोन वर्षं तिचं नाव टाकलं होतं. तिने परदेशातून फोनसाठी लोकरीची पिशवी विणून पाठवली होती, सोबत चिठ्ठी: महिनाअखेरच्या रविवारी चार वाजता इंटरनेटवरून फोन करीन. काटेवाल्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि मला पिशवीत घातलं.

पिशवी घट्ट. आत जाताना माझी कळ खाली सरके, बाहेर येताना वर. पिशवीत मी ठार बहिरा, हातात घेतलं की ठणठणीत. निरोप उशिरा येऊ लागले तसे काटेवाले हैराण झाले. मला बाकावर घेऊन त्यांनी प्रोग्राम तीनदा नव्याने घातला, राउटर बदलला, भिंतीलाही नावं ठेवली. बाकावर मी चालेच! नाटकं करतो मेला, म्हणाले. संगणकावरून जाणकारांना विचारलं, तर एकाने उलट विचारलं, फोन ठेवता कशात? काटेवाले भडकले. मी वायफायचं विचारतोय आणि हा शहाणा खिशाचं विचारतो!

तो रविवार आला. लेकीचा मान म्हणून त्यांनी मला पिशवीतच टेबलावर ठेवलं. चार वाजले, पाच वाजले. काकू, म्हणजे काटेवाल्यांची बायको, म्हणाल्या, काढून बघा तरी.

"वाजला असता तर ऐकू आलं नसतं? बहिरा नाही मी."

बहिरा मी होतो हो, पण मला विचारतो कोण? पिशवीसकट मी कपाटात गेलो. पुन्हा तिचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी काकूंना बजावलं.

आठ महिन्यांनी काकूंनी पिशवी धुवायला काढली आणि मला चार्जिंगला लावलं. त्या रविवारचे तीन चुकलेले फोन एकदम आले. पाठोपाठ एक निरोप: 'बाबा, तीनदा लावला. तुमचं उत्तर कळलं. आता त्रास देणार नाही.'

काटेवाल्यांनी लगेच फोन लावला. तो क्रमांक बंद होता. पत्र पाठवलं, ते पत्ता बदलल्याच्या शिक्क्यासह परत आलं. त्या दिवशी त्यांनी मला पिशवीत घालून पाहिलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. मग अंगठ्याने कळ खाली-वर सरकवून पाहिली.

"बाकावर तर चालत होता," एवढंच काकूंना म्हणाले.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. माझी काळजी फार झाली, तिनेच माझा गळा दाबला. पण फोन वाजला नाही म्हणून माणसाला तोडण्याआधी, फोनला एकदा पिशवीतून बाहेर काढून बघा.