ऊन असताना पेटवलेली गॅसबत्ती

मित्रांनो, मी एक जुनी गॅसबत्ती आहे. काच तडकलेली, टाकीला पोचे पडलेले. मला आता कोणी विचारत नाही, म्हणून तोंड उघडते. गोड बोलणार नाही.

सांगलीच्या बाजारातून मला कवठे महांकाळजवळच्या एका गावात आणलं, गणपतीच्या उत्सवासाठी. पहिल्यांदा चौक उजळला तेव्हा म्हाताऱ्यांनी मला हात जोडले. पण पुढे लढाई लागली आणि रॉकेल परवान्यावर आलं. घरोघरचे कंदील कोरडे पडले. उत्सवाला माझी टाकी एकदाच भरायची, वर थेंब नाही.

त्या वर्षी नाटक होतं. पलटणीतून रजेवर आलेला नाथाजी राणी होणार होता. त्यासाठी त्याने मिशा काढल्या.

"मिशा कुठं गेल्या रं गड्या?"

"राजाला गुदगुल्या व्हत्याल म्हणून काढल्या!"

राणीचा शालू त्याच्या थोरल्या बहिणीचा, मनुबाईचा, लग्नातला. भावाला त्या शालूत बघायला ती सासरहून चालत आली होती. सकाळी तो पलटणीत परतणार होता. रंग चढवल्यावर पडद्याबाहेर यायचं नाही, ही गावातल्या नाटकवाल्यांची रीत. म्हणून ती पडद्याकडे बघत बसली.

आणि उत्सवाचे प्रमुख नानासो! सांगलीच्या पाहुण्यांना गावाची ऐट दिसावी म्हणून त्यांनी मला ऊन असतानाच पेटवलं. मी जळतेय आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. शिसारी आली मला. पाहुणे उगवले ते अंधार पडल्यावर. मग हार. एका भावकीला घातला की दुसरी रुसते, म्हणून प्रत्येक भावकीच्या थोरल्याला हार, आणि हार पडलेला प्रत्येकजण 'दोनच शब्द' बोलणार. पोरं आयांच्या मांडीवर झोपून गेली.

मागून कोणी ओरडलं, "आवं, राणी म्हातारी व्हईल की!"

नानासोंनी डोळे वटारले आणि स्वतःच बोलायला उभे राहिले.

पडदा उघडला तेव्हा माझ्यात दम उरला नव्हता. राणीने पाऊल पुढे टाकलं आणि मी विझले.

लोक शिव्या देत उठले. मनुबाई चाचपडत पुढे आली.

"नाथा, कुठं हायस रं?"

"हितं हाय की, अक्का."

तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. नथ चाचपली. शालूचा पदर अंधारातच सारखा केला.

"लय देखणा दिसत असशील."

"फुडल्या गणपतीला बघ."

पुढल्या गणपतीला नाथाजी नव्हता. ब्रह्मदेशात लढाईत पडला. नाटक तेच होतं, शालू तोच, आत दुसराच गडी. नानासोंनी मला पुन्हा उन्हातच पेटवलं आणि नाथाजीच्या शौर्यावर बोलू लागले. त्याच्या मिशांवरसुद्धा बोलले! थुंकता येत असतं तर मी तिथेच थुंकले असते.

मनुबाई उठली. सरळ माझ्यापाशी आली आणि तिने माझी हवा सोडली. सूं करून मी विझले.

"अगं मनुबाई, तुज्याच भावाचं चाललंय न्हवं!" नानासो ओरडले.

"म्हणूनच. ऊन हाय तवर किती बी बोला. रॉकेल नाटकाचं हाय."

नानासो खाली बसले. अंधार पडल्यावर तिनेच पंप मारला आणि नाटक शेवटपर्यंत झालं. शालू दिसला की ती डोळे पुसायची आणि पुन्हा बघायची.

मित्रांनो, माझी काच पुसू नका, उपकार नकोत. फक्त समोर बसलेल्यांची संध्याकाळ आपल्या बापाची समजू नका. त्यांच्यात कोणीतरी कोणाला डोळे भरून बघायला आलेलं असतं, आणि टाकीत रॉकेल थोडंच असतं.